३,२१,५०,३१,७५१ : चार चाचण्यांतून सुटलेली एक संयुक्त संख्या

पार्श्वभूमी

एका छोट्या गटाने संख्यांची माहितीपत्रके काढणारा प्रोग्राम लिहिला होता. कोणतीही पूर्ण संख्या दिली की तिचे पत्रक तयार होई: मूळ की संयुक्त, मूळ अवयव कोणते, विभाजक किती, विभाजकांची बेरीज, ऑयलरच्या फाय फलनाची किंमत (त्या संख्येपर्यंतच्या, तिच्याशी सहमूळ संख्या किती), मोबियस फलनाची किंमत (एखादा मूळ अवयव पुन्हा आला तर ०, नाहीतर मूळ अवयव सम असतील तर १ आणि विषम असतील तर −१), द्विमान रूप, अंकांची बेरीज आणि अशी आणखी काही कलमे. गटात तिघे होते. गणिताची बाजू एका शिक्षिकेकडे होती, प्रोग्राम एका तरुणाने लिहिला होता आणि तिसरी सदस्य निघालेली पत्रके तपासत असे. ओळखी इथे गाळल्या आहेत. संख्या मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण त्या बदलल्या तर प्रकरणच उरत नाही.

प्रोग्रामची रचना सरळ होती. आधी एकच प्रश्न विचारायचा: संख्या मूळ आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीची कलमे जवळपास फुकटात मिळतात. विभाजक दोन, त्यांची बेरीज संख्या अधिक १, फायची किंमत संख्या वजा १, मोबियसची किंमत −१. उत्तर ‘नाही’ असेल तर अवयव पाडायचे आणि त्यांवरून सगळे काढायचे.

मूळ की संयुक्त हे ठरवण्याची शाळेतली रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे. संयुक्त संख्येत हा भागाकार बहुधा लवकर थांबतो. मूळ संख्येत तो शेवटपर्यंत रेटावा लागतो. एकावेळी लाखो संख्यांची पत्रके काढायची असल्याने गटाला हा खर्च नको होता, शिवाय पुढे मर्यादा बरीच वाढवायचा बेत होता. म्हणून मिलर-राबिन चाचणी घेतली. तिची मूळ कल्पना गॅरी मिलर यांनी १९७६ मध्ये मांडली आणि मायकेल राबिन यांनी १९८० मध्ये तिला आजचे रूप दिले.

चाचणी थोडक्यात अशी. विषम संख्या न घ्या. न − १ ला २ ने जमेल तितक्या वेळा भागून उरलेला विषम भाग द म्हणा. एखादा पाया अ निवडा आणि अ चा द-वा घात न ने भागून बाकी पाहा. बाकी १ किंवा न − १ आली, तर न या पायाशी उत्तीर्ण. नाही आली, तर त्या बाकीचे वर्ग करत जायचे आणि न − १ कुठे येते का ते पाहायचे. न मूळ असेल तर ती कोणत्याही पायाशी नापास होऊच शकत नाही. न संयुक्त असेल तर काही पाये तिला उघडी पाडतात आणि काही फसतात.

पाये किती घ्यायचे? गटाच्या टिपणवहीत एक ओळ होती: ‘२५ अब्जांपर्यंत २, ३, ५, ७ पुरेसे.’ प्रोग्रामची मर्यादाही तेव्हा २५ अब्जच ठेवलेली होती. कोणाला शंका घेण्याचे कारण नव्हते.

अडचण

काही काळाने पत्रकात नवे कलम आले: संख्या मूळ असेल तर तिचा सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट. मूळ संख्या प असेल, तर ज्या संख्येचे घात घेत गेले की प ने भागून १ पासून प − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्या मिळतात, ती संख्या म्हणजे प चा प्रिमिटिव्ह रूट. तो शोधायची रीत ठरलेली आहे. प − १ चे मूळ अवयव काढा. मग २, ३, ४ असे एकेक उमेदवार घ्या, आणि प − १ ला त्या प्रत्येक मूळ अवयवाने भागून जो घातांक येईल तो उमेदवारावर चढवून पाहा. एकदाही बाकी १ आली की उमेदवार बाद. सगळ्यांतून सुटला तो रूट.

कलम तपासायला एक जुनी यादी वापरली. ती आधीच्या कुठल्याशा प्रोग्रामबरोबर आली होती. नुसत्या संख्या, शेजारी एक शब्द नाही. २,०४७, मग १३,७३,६५३, मग २,५३,२६,००१, मग ३,२१,५०,३१,७५१ आणि शेवटी २,१४,७४,८३,६४७. पहिल्या तीन संयुक्त निघाल्या आणि त्यांचे अवयवही बरोबर आले: २३ × ८९, ८२९ × १,६५७ आणि २,२५१ × ११,२५१. शेवटची संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले होते. तिचा सर्वांत लहान रूट प्रोग्रामने ७ दिला, तोही बरोबर.

चौथ्या संख्येच्या पत्रकात लिहून आले: मूळ. विभाजक २. विभाजकांची बेरीज ३,२१,५०,३१,७५२. फाय ३,२१,५०,३१,७५०. मोबियस −१. सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट १५१.

तपासणारी सदस्य या १५१ वर थांबली. सर्वांत लहान रूट बहुतेक वेळा फारच लहान असतो; साधारण ३७ टक्के मूळ संख्यांना २ हाच रूट चालतो, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांचे ३, ५, ६, ७ असल्या संख्यांवर भागते. १५१ अशक्य नव्हे, पण विरळा. तिने पत्रकावर खूण करून ते परत पाठवले.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. त्या पत्रकातली बाकीची कलमे एकमेकांशी अगदी जुळत होती. फाय आणि विभाजकांची बेरीज पडताळून पाहिली असती तरी ती सुसंगतच दिसली असती, कारण दोन्ही एकाच ‘हो’ मधून निघाली होती. दहा कलमे जुळली म्हणजे दहा पुरावे मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात पुरावा एकच होता आणि तो दहा जागी छापला होता. नवे कलम वेगळे पडले, कारण ते त्या ‘हो’ वर विसंबून खरोखरचा हिशेब करत होते.

पहिला कयास आणि त्याची तपासणी

प्रोग्राम लिहिणाऱ्याचा पहिला संशय आकड्यांच्या मापावर गेला, आणि तो संशय वाजवी होता. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. आपली संख्या तिच्या पलीकडची. त्या मापात कोंबली तर ती ऋण होऊन −१,०७,९९,३५,५४५ अशी वाचली जाते. शिवाय घात काढताना बाक्यांचे वर्ग करावे लागतात, आणि ३२१ कोटींच्या आसपासच्या बाकीचा वर्ग ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकातही मावत नाही. चिन्हरहित ६४ बिटांत मात्र मावतो. अशा काठावरच्या संख्येत गुणाकार सांडला असेल, हा अंदाज कोणीही केला असता.

त्याने सगळा हिशेब कितीही मोठे पूर्णांक हाताळणाऱ्या पद्धतीने पुन्हा केला. उत्तर तेच. मग ४,२९,४९,६७,२९१ ही ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी मूळ संख्या घेऊन पाहिले, तिथेही काही सांडत नव्हते. गुणाकार निर्दोष होते.

दुसरा संशय नव्या कलमाच्या फेऱ्यांवर गेला. २ ते १५० पर्यंतचा प्रत्येक उमेदवार कुठे बाद झाला याची नोंद काढली, आणि शिक्षिकांना तिथेच उत्तर दिसले. आपल्या संख्येला न म्हटले तर न − १ चे अवयव असे पडतात: २, ३ चा चौथा घात, ५ चा घन, ७, ३७ आणि ६१३. एकशे एकोणपन्नास उमेदवारांपैकी एकही ३७ च्या चाळणीतून पार पडला नव्हता. न − १ भागिले ३७ म्हणजे ८,६८,९२,७५०; हा घातांक कोणावरही चढवला तरी बाकी १.

न मूळ असती तर असे होणे कसे शक्य आहे? मूळ संख्येच्या बाबतीत या चाळणीत साधारण सदतिसातला एक उमेदवार अडकतो. १५० पर्यंत ३५ मूळ संख्या आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या योगायोगाने अडकल्या, असे मानायचे तर सदतिसातला एक हा योग पस्तीस वेळा लागोपाठ जुळायला हवा. बाईंनी हिशेब तिथेच सोडला आणि सांगितले, ‘ही संख्या मूळ नाही. रूटचे कलम बरोबर चालले आहे, चूक त्याच्या आधी आहे.’

त्यानंतर कोणी तरी संख्येला १५१ नेच भागून पाहिले. २,१२,९१,६०१. बाकी शून्य.

प्रोग्रामने रूट म्हणून चक्क संख्येचा अवयवच छापला होता, आणि त्यामागे साधे कारण आहे. न शी सहमूळ असलेला प्रत्येक उमेदवार ३७ च्या चाळणीत अडकणारच होता. १५१ हा सहमूळ नसलेला पहिला उमेदवार. त्याच्या कोणत्याही घाताला १५१ ने भाग जातो, म्हणून न ने भागून बाकी १ कधी येऊच शकत नाही, आणि ‘बाकी १ आली की बाद’ या नियमात तो बसत नाही. चुकीच्या ‘हो’ वर चाललेला बरोबर हिशेब थेट अवयवापाशी येऊन थांबला होता.

संख्या अशी का वागते

पूर्ण अवयव असे आहेत: १५१ × ७५१ × २८,३५१. तिन्ही मूळ. त्यांतून एकेक वजा करा: १५०, ७५०, २८,३५०. तिन्ही संख्या १५० च्या पटीत, अनुक्रमे एकपट, पाचपट आणि एकशे एकोणनव्वदपट. आणि तिन्हींनी ३,२१,५०,३१,७५० ला पूर्ण भाग जातो.

एवढ्यावरच ही संख्या कारमायकल संख्या ठरते. अवयव एकदाच येणारे आणि प्रत्येक अवयव वजा १ ने न − १ ला भाग जाणारा, ही कसोटी कोर्सेल्ट यांनी १८९९ मध्ये दिली होती. प्रत्यक्ष उदाहरण म्हणून ५६१ ही सर्वांत लहान संख्या कारमायकल यांनी १९१० मध्ये पुढे आणली. कारमायकल संख्येत न शी सहमूळ असलेल्या कोणत्याही पायाचा न − १ वा घात १ च बाकी देतो. म्हणजे फर्माची साधी चाचणी इथे कितीही पाये घेतले तरी आंधळी.

आपल्या संख्येत त्याहून अधिक काही आहे. १५०, ७५० आणि २८,३५० यांचा लसावि १,४१,७५० येतो. न − १ म्हणजे या लसाविची २२,६८१ पट, आणि २२,६८१ म्हणजे ३७ × ६१३. म्हणून ३७ किंवा ६१३ ने न − १ ला भागले तरी उरलेल्या घातांकाला १,४१,७५० ने भाग जातोच, आणि बाकी १ च राहते. नोंदीत दिसलेल्या ३७ च्या भिंतीमागे एवढेच होते. ६१३ शीही तेच झाले असते. ३७ आधी आला इतकेच.

मिलर-राबिन चाचणी फर्मापेक्षा कडक आहे, तरी तीही इथे चार वेळा का फसली? न − १ ला २ ने एकदाच भाग जातो, त्यामुळे द = १,६०,७५,१५,८७५ आणि वर्ग करत जाण्याचा प्रश्नच येत नाही. चाचणी एकाच बाकीवर येऊन ठेपते: १ किंवा −१ (म्हणजे न − १) आली का?

ही बाकी तीन अवयवांशी वेगवेगळी पाहा. १५१ साठी: कोणत्याही पायाचा ७५ वा घात १५१ ने भागला तर बाकी १ किंवा −१ येते. पाया १५१ च्या हिशेबात कोणत्या तरी संख्येचा वर्ग असेल तर १, नसेल तर −१. हा ऑयलरचा निकष. द म्हणजे ७५ ची २,१४,३३,५४५ पट, आणि ही पट विषम आहे, म्हणून चिन्ह जसेच्या तसे टिकते. ७५१ आणि २८,३५१ साठीही नेमके हेच: द ला ३७५ ने भागले तर ४२,८६,७०९, आणि १४,१७५ ने भागले तर १,१३,४०५, दोन्ही विषम.

सगळी चाचणी आता तीन चिन्हांवर येते. तिन्ही चिन्हे सारखी असली तर न ने भागून बाकीही १ किंवा −१ येणार आणि संख्या उत्तीर्ण होणार. चिन्हे वेगळी पडली तर संख्या उघडी पडणार. पाया २ घेतला की तिन्ही अधिक, कारण तिन्ही अवयवांना ८ ने भागून बाकी ७ उरते. पाया ३ ला तिन्ही उणे. ५ ला तिन्ही अधिक. ७ ला पुन्हा तिन्ही उणे. आणि ११ ला: १५१ शी अधिक, ७५१ शी उणे, २८,३५१ शी उणे. इथे संख्या पकडली जाते.

नुसती पकडली जाते असेही नाही. ११ चा द-वा घात घ्या, त्यातून १ वजा करा आणि न शी मसावि काढा: १५१. त्याच घातात १ मिळवून मसावि काढा: २,१२,९१,६०१. चाचणी नापास होतानाच अवयव हातात ठेवून जाते.

समोर आलेले पर्याय

टिपणवहीतली ओळ आता पुन्हा पाहिली गेली. मूळ निष्कर्ष १९८० चा, कार्ल पोमरन्स, जॉन सेल्फ्रिज आणि सॅम्युएल वॅगस्टाफ यांचा. त्यांनी २५ अब्जांपर्यंतच्या संख्या धुंडाळल्या आणि २, ३, ५, ७ या चारही पायांना फसवणारी एकच संयुक्त संख्या सापडल्याचे लिहिले. ती एक संख्या म्हणजे ३,२१,५०,३१,७५१. वहीत उतरवताना ‘एक अपवाद सोडून’ हे शब्द गळले होते.

यादीचा उलगडाही तिथेच झाला. २,०४७ ही पाया २ ला फसवणारी सर्वांत लहान संख्या. १३,७३,६५३ ही २ आणि ३ या दोघांना फसवणारी. २,५३,२६,००१ ही २, ३, ५ यांना. पुढची ही. यादी करणाऱ्याने ती क्रमाने आणि मुद्दाम घातली होती, पण हेतू यादीबरोबर आला नाही. पहिल्या तीन संयुक्त निघाल्यावर चौथी ‘तुलनेसाठी घातलेली खरी मूळ संख्या’ असेल असे गटाने धरून चालले, आणि पाचवी खरोखर तशीच निघाल्यामुळे तो समज पक्का झाला.

दुरुस्तीचा सर्वांत स्वस्त मार्ग प्रोग्राम लिहिणाऱ्याने सुचवला: ही एक संख्या अपवाद म्हणून कोडमध्येच लिहून टाकायची. ऐकायला ओबडधोबड वाटते, पण गणिती दृष्ट्या तो पूर्ण बरोबर आहे. २५ अब्जांपर्यंत दुसरा अपवाद नाहीच. बाईंचा आक्षेप वेगळा होता. मर्यादा पुढे वाढणार होती, आणि ती वाढवणाऱ्याला हा अपवाद कोणत्या मर्यादेपर्यंत पुरतो हे कळणार नाही. एकदा गळलेली अट दुसऱ्यांदा गळायला अशी जागा सोयीची.

पाये वाढवायचे तर कोणते, यावर थोडा वाद झाला. आणखी दोन पाये घ्यावेत म्हणून ६ आणि १० सुचवले गेले. ते निरुपयोगी होते. या संख्येत दोन फसणाऱ्या पायांचा गुणाकारही फसतोच, कारण चिन्हांचा गुणाकार होताना तिन्ही जागी सारखेच चिन्ह राहते. १ ते १० पर्यंतचा एकही पाया तिला पकडत नाही. ११ घेतला की मात्र २, ३, ५, ७, ११ हे पाच पाये २१,५२,३०,२८,९८,७४७ च्या खालच्या सगळ्या संख्यांना पुरतात. २, ७, ६१ हे तीनच पाये ४,७५,९१,२३,१४१ पर्यंत पुरतात हेही माहीत आहे; आपली संख्या त्यात येते, पण २५ अब्जांची मर्यादा येत नाही, म्हणून तो मार्ग सुटला.

यादृच्छिक पाये घ्यावेत असाही एक सूर होता. राबिन यांचा निष्कर्ष असा की विषम संयुक्त संख्येला (९ हून मोठ्या) जास्तीत जास्त फायच्या एक चतुर्थांश इतकेच पाये फसतात. मग चार पायांत फसण्याची शक्यता २५६ मध्ये एक इतकीच, असा युक्तिवाद झाला. त्यात एक बारीक खोट आहे. एक चतुर्थांश ही गोष्ट पाया चिठ्ठी टाकून निवडला तर खरी. २, ३, ५, ७ कायमचे ठरवून टाकले की या संख्येपुरती फसगत शंभर टक्के. आणि ही संख्या त्या मर्यादेला नेमकी टेकते: तिला फसणारे पाये ७९,७३,४३,७५० आहेत, म्हणजे फायच्या बरोबर एक चतुर्थांश. यादृच्छिक पायांवर चाललेल्या प्रोग्रामने तिला बहुतेक वेळा पकडले असते, क्वचित सोडले असते. माहितीपत्रकाला हे चालणारे नव्हते. एकाच संख्येचे पत्रक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे निघाले तर कोणावर विश्वास ठेवायचा?

२००२ मध्ये अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिलेली निश्चित रीत कोणी तरी काढली. सिद्धान्त म्हणून ती फार मोठी गोष्ट, पण या आकाराच्या संख्यांसाठी तिचा वेग परवडत नाही. त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

काय केले

निर्णय तीन भागांत झाला. आधी २०० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. १५१ ही छत्तिसावी मूळ संख्या. म्हणजे आपली संख्या छत्तिसाव्या भागाकारातच सापडली असती. मात्र हा गाळ काढण्याचा मार्ग आहे, खात्रीचा नव्हे: २,५३,२६,००१ चा लहान अवयव २,२५१ आहे आणि तो या चाळणीतून निसटतो.

मग मिलर-राबिन, पण पहिल्या बारा मूळ संख्यांचे पाये घेऊन, म्हणजे २ पासून ३७ पर्यंत. २ च्या ६४ व्या घाताखालच्या सगळ्या संख्यांसाठी हे बारा पाये निश्चित उत्तर देतात. मर्यादा वाढवायची झाली तरी तिथपर्यंत चाचणी बदलावी लागणार नाही, आणि कोडमध्ये पायांच्या ओळीशेजारी ही मर्यादा लिहिली आहे.

तिसरा भाग मला स्वतःला सर्वांत नेटका वाटतो. प्रिमिटिव्ह रूटच्या कलमात एक ओळ वाढवली: उमेदवाराचा न − १ वा घात १ बाकी देतो का, हेही पाहायचे. ही ओळ मूळ कोडमध्ये नव्हती, कारण न मूळ असेल तर ती फर्माच्या प्रमेयाने आपोआप खरी ठरते. पण ती घातली की कलमाचा अर्थच पालटतो. न − १ वा घात १ आणि बाकीचे सगळे घात १ नाहीत, असा एक जरी उमेदवार सापडला तरी न मूळ असल्याचे ते पूर्ण सिद्धीकरण आहे. ल्यूका यांचा हा विचार लेमर यांनी १९२७ मध्ये आजच्या रूपात आणला. म्हणजे मूळ ठरलेल्या प्रत्येक संख्येला आता चाचणीवर न विसंबणारे प्रमाणपत्र मिळते.

एक बाब मात्र ध्यानात घ्यावी लागली. ही ओळ आधीपासून असती तर १५१ बाद झाला असता, पुढे ३०२ ही बाद झाला असता, आणि प्रोग्राम न येणाऱ्या उत्तराच्या मागे धावत राहिला असता. चूक मग ‘रूट विचित्र आहे’ अशी न दिसता ‘प्रोग्राम अडकला’ अशी दिसली असती, आणि कदाचित आणखी उशिरा कळली असती. म्हणून शोधाला मर्यादा घातली: हजार उमेदवारांत रूट मिळाला नाही तर पत्रक छापायचे नाही, संख्या माणसाकडे पाठवायची.

निष्पत्ती

नवे पत्रक असे निघाले. संयुक्त. मूळ अवयव १५१, ७५१, २८,३५१. विभाजक आठ: १, १५१, ७५१, २८,३५१, १,१३,४०१, ४२,८१,००१, २,१२,९१,६०१ आणि स्वतः संख्या. विभाजकांची बेरीज ३,२४,०७,४७,००८. फाय ३,१८,९३,७५,०००. कारमायकल संख्या: होय.

मोबियसची किंमत −१, जुन्या पत्रकात होती तीच. अवयव तीन असोत वा एक, अवयवांची संख्या विषम आणि एकही अवयव दोनदा न येणारा, म्हणून उत्तर तेच येते. जुन्या पत्रकातले हे कलम चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोचले होते, आणि पडताळणीसाठी कोणी नेमके हेच कलम निवडले असते तर सगळे ठीक आहे असा निर्वाळा मिळाला असता. अंकांची बेरीज २८ आणि द्विमान रूपातले ३२ अंक अर्थातच बदलले नाहीत. ती कलमे मूळ-संयुक्त प्रश्नावर अवलंबूनच नव्हती.

२५ अब्जांपर्यंतच्या इतर सगळ्या पत्रकांचे काय? ती पुन्हा काढायची गरज पडली नाही. १९८० च्या निष्कर्षानुसार चूक या एकाच संख्येत असणे शक्य होते. जो निष्कर्ष अर्धवट उतरवल्याने चूक झाली, त्याच्याच उरलेल्या अर्ध्याने फेरतपासणीचे काम वाचवले.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत आधी: २५ अब्जांच्या मर्यादेत मिलर-राबिनची गरज होती का? २५ अब्जांचे वर्गमूळ १,५८,११३ च्या आसपास येते. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता एकदा तयार ठेवला असता तर भागाकाराने निश्चित उत्तर मिळाले असते, आणि लाखो संख्यांनाही ते परवडले असते. पुढच्या मर्यादेची तयारी म्हणून आजच वेगवान चाचणी घेण्याचा निर्णय माझ्या मते घाईचा होता. निदान दोन्ही रीती काही दिवस शेजारी शेजारी चालवून उत्तरे ताडून पाहायला हवी होती. सरसकट सगळ्या संख्यांवर ताडली तरच ही एक सापडली असती, हेही खरे. निवडक नमुन्यात ती येण्याची शक्यता नगण्य.

पत्रकात किमान एक कलम मुद्दाम दुसऱ्या वाटेने काढलेले हवे होते. प्रिमिटिव्ह रूटने ते काम नकळत केले. ते आधीपासून पडताळणीसाठीच ठेवले असते, तर १५१ कडे पाहून शंका घेणाऱ्या माणसाच्या नजरेवर सगळे अवलंबून राहिले नसते. समजा सर्वांत लहान अवयव १५१ ऐवजी ११ असता, तर पत्रकात रूट ११ छापून आला असता आणि कोणीही तिथे थांबले नसते.

तपासणीचा क्रमही उलटा होऊ शकला असता. सापडलेल्या रूटने संख्येला भागून पाहणे हे एका ओळीचे काम होते आणि गुणाकार सांडल्याचा माग काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पण ते सुचायला ‘संख्या मूळ आहे’ या विधानावर शंका घ्यावी लागते, आणि पत्रकाच्या पहिल्याच ओळीत ते ठसठशीत छापलेले होते.

जुन्या यादीत आता प्रत्येक संख्येशेजारी ती कोणाला फसवते आणि कोणत्या पायाला सापडते, हे लिहिलेले आहे. पुढच्या तीन संख्याही तिच्यात घातल्या: पाच पायांना फसवणारी २१,५२,३०,२८,९८,७४७, सहा पायांना फसवणारी ३४,७४,७४,९६,६०,३८३, आणि ३४,१५,५०,०७,१७,२८,३२१. या शेवटच्या संख्येला पहिले सात पाये फसतात आणि आठवा, म्हणजे १९, तोही फसतो. बारा पायांच्या चाचणीने तिन्ही संयुक्त ठरवल्या, तेव्हा मर्यादा वाढवायला गटाने हिरवा कंदील दिला.